शेवटचा बॉल कुणाला

बेळगाव, ४ ऑगस्ट

मंगल,

पेपरातला तेजूचा फोटो तू पाहिलास, एवढं तुझ्या फोनवरून कळलं. "ज्योत्स्ना, मी एकच गोष्ट मागितली होती," एवढंच बोलून तू फोन ठेवलास. तेव्हापासून तुझा नंबर लागत नाही, म्हणून हे पत्र. फोंड्याचा पत्ता तुझ्या पार्सलच्या कागदावरून उतरवून घेतला. तू पाठवलेले कपडे तेजू घालत नाही, पण तो कागद तिनं ट्रंकेत जपून ठेवलाय. हे मी तुला सांगितलं असं तिला कळू देऊ नकोस.

तुझी अट मी विसरले नव्हते. तेजूला आमच्या कॉलेजात, हॉस्टेलात घेताना तू म्हणाली होतीस, "खेळव तिला, पळव, दमव. पण मॅच घासून चालली तर शेवटचा बॉल तिच्या हातात देऊ नको." मला तेव्हा हसू आलं होतं. आपण एका टीममधून खेळायचो तेव्हा शेवटचा बॉल तुझ्याशिवाय कुणी टाकलाय का? आणि तुझ्याच मुलीला तो द्यायचा नाही?

तालुक्याच्या फायनलला आम्ही एका गुणानं मागे होतो. असा बॉल मी सुविधाला देते. ती निपाणीची, आमच्याच गल्लीतली पोर. तिचा हात थरथरत नाही. पण तिचे पाच फाउल झाले आणि तिला बाहेर बसावं लागलं. तेजूशिवाय दुसरं कुणी नव्हतं. तिनं उजव्या कोपऱ्यातून टाकला आणि रिंगला न शिवता आत गेला. तुझ्यासारखीच मान जरा वाकडी करून टाकते ती.

एक गंमत सांगते. मॅचच्या आदल्या दिवशी तुझा दीर महादेव गावकीच्या कामासाठी देवळात गेला होता. देवळावर नवे पत्रे घालायचे का, याचा देवीला कौल लावून झाल्यावर त्यानं सहज गुरवाला म्हटलं, "आमच्या पोरीचं बी एक बघा की. तिच्या हातानं मॅच निघंल काय?" देवीला लावलेली ओली पाकळी उजवीकडून पडली. उजवी म्हणजे होय. महादेव मला हसत हसत सांगत होता, "मॅडम, तुमचं कोचिंग ऱ्हाऊ द्या, आमची देवी लई फॉर्मात हाय."

मीही हसले. तू रागावू नकोस.

ज्योत्स्ना


बेळगाव, २९ ऑगस्ट

प्रिय मंगल,

तुझं उत्तर नाही. तेजूची खुशाली तरी कळावी म्हणून लिहिते.

या महिन्यात दोन कॉलेजांशी सामने झाले. दोन्ही घासून गेले आणि दोन्ही तेजूनं संपवले. दोन्ही वेळा महादेवनं आधी कौल लावला होता आणि दोन्ही वेळा पाकळी उजवी पडली होती. दुसऱ्या सामन्याला गावातून टेम्पो भरून माणसं आली. बास्केटबॉल म्हणजे काय हे त्यातल्या निम्म्यांना ठाऊक नव्हतं. एक म्हातारे आप्पा मला विचारत होते, "बाई, ती जाळी खालनं फाटल्या, शिवत का न्हाई?" आम्ही सगळ्या खूप हसलो.

मग सामना संपला, आणि त्यांनी रांग लावली. आधी मला वाटलं, अभिनंदन करायला उभे आहेत. एका बाईनं मुलाचं परीक्षेचं हॉलतिकीट पुढं केलं, त्यावर तेजूनं हात ठेवायचा. एकानं नव्या ट्रॅक्टरची किल्ली आणली होती. यल्लाप्पा म्हणून कुणी आहेत, त्यांनी बोअर मारायच्या जागेची माती फडक्यात बांधून आणली होती. तेजू लाजली, तिनं माझ्याकडं बघितलं, आणि ठेवला हात. सतरा वर्षांची पोर. मोठी माणसं समोर वाकली तर कुणाला बरं वाटणार नाही?

मी प्रिन्सिपलांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "देवाधर्मात आपण पडायचं नाही, मॅडम. माणसं खेळ बघायला येतायत, चांगलंच आहे की."

ती आता कुणाच्या हातावर टाळी देत नाही. बास्केट झाल्यावर मुली एकमेकींच्या हातावर हात मारतात ना, तेव्हा ही दोन्ही हात पाठीमागं घेते. काकानं सांगितलंय म्हणे, कुणाला शिवू नको, हातातलं देवीचं देणं उतरतं. काल सुविधानं तिला सगळ्यांसमोर विचारलं, "आमचा हात लागला तर तुझी देवी आंघोळ करती काय गं?"

तेजू म्हणाली, "तसं न्हाय गं."

"मग कसं?"

ती रडायला लागली. मी दोघींना मैदानाला चकरा मारायला लावल्या. सुविधानं जे विचारलं ते आमच्या घरातल्या कुणीही विचारलं असतं. आमच्या आजीला गावच्या देवळाच्या पायरीपर्यंतही जाता येत नव्हतं, मग कौल उजवा की डावा याच्याशी आमचा संबंध तो काय. पण तेजूच्या डोळ्यांत मला तो जुना विटाळ दिसला नाही. भीती दिसली. तिला स्वतःच्या हातांची भीती वाटतेय, मंगल.

जिल्ह्याच्या फायनलला शेवटचा बॉल सुविधाचा. मी ठरवलंय.

ज्योत्स्ना


बेळगाव, १५ सप्टेंबर

मंगल,

जिल्हा जिंकलो. ते सांगायला हे पत्र नाही.

आदल्या दिवशी महादेव हॉस्टेलवर आला. यावेळी हसत नव्हता. "मॅडम, कौल तेजूचा हाय. तुमी दुसऱ्या कुणाला द्यायचा बोलताय असं ऐकलं."

मी म्हटलं, "अण्णा, बॉल कुणाला द्यायचा ते मी ठरवते."

"ठरवा की. तुमचंच काम हाय. पर देवीनं बोट दावल्यालं माणूस बाजूला सारायचं म्हंजे..." त्यानं वाक्य तिथंच सोडलं आणि चहा प्यायला.

सामना बरोबरीत आला. मी टाइमआउट घेतला, फळ्यावर आखून दाखवलं: तेजू उजवीकडं पळेल, सगळे तिच्यामागं जातील, बॉल डावीकडं सुविधाकडं येईल. अगदी तसंच झालं. सुविधा एकटी उभी होती, समोर कुणीही नव्हतं. एरवी डोळे मिटून टाकते ती तिथून. तिनं बॉल हातात घेतला, रिंगकडं बघितलं, आणि दोघींनी घेरलेल्या तेजूकडं फेकला.

तेजूनं टाकला. गेला.

नंतर मी सुविधाला बाजूला घेतलं. "का दिलास?"

ती बुटाची नाडी बांधायला वाकली. "मॅडम, माझा चुकला असता तर तुमी म्हणाला असता, चुकला. ते काय म्हणाले असते?" तिनं गावच्या टेम्पोकडं मान वळवली. "आणि माझ्यामुळं हरलो असतो तर हिचं काय केलं असतं त्यांनी?"

"तू मानतेस हे?"

"न्हाय मानत. पर हात मानायला लागलाय."

मंगल, तू नवी सून होऊन त्या गावात गेलीस तेव्हाचं तू मला एकदाच सांगितलं होतंस. कौल तुझ्या नावानं उजवा पडला, आणि भाताच्या लावणीची पहिली मूठ तुझ्या हातानं लावली. पीक उदंड आलं. मग दरवर्षी प्रत्येक घर तुला बांधावर न्यायला लागलं. आणि ज्या वर्षी भातावर रोग पडला आणि तुझा नवरा साप चावून गेला, त्या वर्षी त्याच बायका तुझी सावली पडू नये म्हणून म्हशी वळवून न्यायला लागल्या. तू मुलगी मागितलीस तर म्हणाले, पोर आमची आहे, तू जा.

मी हे सगळं शेतातलं, जुन्या काळातलं समजत होते. मैदानाशी त्याचा काय संबंध, असं मला वाटत होतं.

तालुक्याच्या सामन्याला दुसरं कुणी नव्हतं असं मी लिहिलं होतं. खरं तर होतं. पण मला जिंकायचं होतं, आणि तिच्या मानेत मला तू दिसलीस.

ज्योत्स्ना


बेळगाव, २४ सप्टेंबर

प्रिय मंगल,

आज जरा मोकळं वाटतंय. बऱ्याच दिवसांनी गोड म्हणून कुंदा आणला आणि मुलींना वाटला.

मी तुझ्या सासरच्या गावाला गेले होते. गुंजीला उतरून रिक्षा केली आणि सरळ देवळात गेले. सभामंडपाच्या बाहेर उभी राहिले तर नागोजी गुरवच पुढं आले, म्हणाले, "आत या की बाई, आता कोण काय म्हणत न्हाय." शांत माणूस आहे. मी त्यांना म्हटलं, पुन्हा एकदा कौल लावा. विभागाच्या सामन्यांना शेवटचा बॉल तेजूनंच टाकायचा का, विचारा.

ते म्हणाले, "एकदा झाल्यालं पुन्हा कशाला विचारताय?"

"तेव्हा महादेव अण्णांनी विचारलं होतं. पोरीला शिकवते मी. मी विचारतेय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "आणि डावा पडला तर?"

"तर तिला मोकळं करा."

महादेव आला, पंच आले, बायका गोळा झाल्या. नागोजींनी देवीला गाऱ्हाणं घातलं, माझं नाव घेऊन, निपाणीचं नाव घेऊन. मंगल, आमच्या घरात कधी कुणी उदबत्ती लावून देवाला काही विचारलं नाही. वडील म्हणायचे, प्रश्न माणसाला विचारावा. आणि मी हात जोडून उभी होते, आणि मनात म्हणत होते, डावी पडू दे, डावी पडू दे. इतक्या मनापासून मी कुठल्याही सामन्यात काही मागितलं नव्हतं.

पाकळी डावी पडली.

बायकांच्यात कुजबुज झाली. नागोजी म्हणाले, "सुटला पोरीचा हात." महादेवनं टोपी काढून डोकं खाजवलं. मला वाटलं, त्यालाही सुटल्यासारखं वाटलं असावं.

तेजूला सांगितलं. संध्याकाळच्या सरावात बास्केट झाल्यावर सुविधानं हात पुढं केला आणि तिनं त्यावर टाळी मारली. चांगली जोरात मारली.

आता तरी दोन ओळी लिही.

तुझी,
ज्योत्स्ना


बेळगाव, २० ऑक्टोबर

मंगल,

दसऱ्याला तेजू गावाला गेली नाही. जाणार होती, बॅग भरली होती. महादेवचा फोन आला: "मॅडम, थोडं दिस तिकडंच असू दे तिला."

मी विचारलं, का?

"काय न्हाय. जरा बोलाचाली चालल्या गावात."

मी खोदून विचारलं तेव्हा एकेक बाहेर आलं. यल्लाप्पांच्या बोअरला पाणी लागलं नाही. हॉलतिकीटवाला मुलगा दोन विषयांत नापास झाला. ज्याच्या किल्लीला तेजूनं हात लावला होता त्याचा ट्रॅक्टर बांधावरून कलंडला, त्याचा पाय मोडलाय. हे सगळं कौलाच्या आधीही घडलेलं असेल, नंतरही. पण आता गावानं ते सगळं एका दोऱ्यात ओवलंय. देवीनं हात उगाच सोडला नसणार. हातातच काहीतरी असणार.

मी म्हटलं, "अण्णा, देवीनं तिला मोकळं केलं ना?"

तो म्हणाला, "मोकळं तुमी म्हणताय. गाव टाकलं म्हणतंय."

मंगल, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. तुझंही असंच झालं होतं. मला वाटलं, त्यांच्याच रीतीनं तिला बाहेर काढता येईल. पण उजवा आणि डावा अशा दोनच बाजू असलेल्या जागी माणसाला ठेवायला तिसरी जागाच नाही. आणि मी स्वतः तिथं जाऊन, हात जोडून, तिला एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवलं.

तेजू विचारत होती, "मॅडम, आईला पण असंच 'थोडे दिवस' म्हणाले होते का?" तू गाव सोडून सात वर्षं झाली; इथं आल्यापासून तिनं तुझा विषय पहिल्यांदा काढला.

तिनं आता तू पाठवलेला निळा ड्रेस घातलाय. थोडा आखूड होतो.

विभागाचे सामने बेळगावातच आहेत. गावातले लोक येणार आहेत म्हणे, तेजू टाकणार नसली तरी. मी विचारलं, मग कशाला? महादेव म्हणाला, "बघायला."

ज्योत्स्ना


बेळगाव, १० नोव्हेंबर

मंगल,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. तेजूच्या हातात देते. उद्या सकाळच्या गोव्याच्या बसनं ती निघेल, कणकुंबीच्या घाटातून दुपारपर्यंत फोंड्यात पोचेल. सोबत सुविधा आहे. सुविधाला मी सांगितलं नव्हतं, तीच म्हणाली, "हिला एकटीला सोडू नका, मी जाऊन येते."

आज फायनल होती. गावचा टेम्पो आला. पूर्वी ते ओरडायचे, आज नुसते बसले होते. शेवटी आम्ही एका गुणानं मागे, बॉल आमच्याकडं. मी टाइमआउट घेतला आणि फळ्यावर सुविधाचं नाव लिहायला खडू उचलला.

सुविधा म्हणाली, "मॅडम, एकदा हिला विचारा की. सगळं गाव हिच्याबद्दल विचारतंय, हिला कोण विचारत न्हाय."

मी तेजूकडं बघितलं.

ती म्हणाली, "मला द्या."

"तेजू, चुकला तर..."

"चुकला तर डावा कौल खरा म्हणतील. म्हणू देत. पर आतापर्यंत जे गेले ते सगळे देवीचे झाले, मॅडम. मला एक माझा टाकायचाय."

मी काय करायला हवं होतं? कोच म्हणून मला सुविधाला द्यायला हवा होता. तुझी मैत्रीण म्हणून तर तेजूला मुळीच द्यायला नको होता. मी बॉल तिला दिला. तुझी अट मी पुन्हा मोडली, मंगल, पण यावेळी जिंकण्यासाठी नाही.

तिनं टाकला. बोर्डला लागून आत गेला.

आमच्या मुली नाचायला लागल्या. समोरच्या पायऱ्यांवरच्या गावकऱ्यांत मात्र कुणी टाळीही वाजवली नाही. सगळे उठून उभे राहिले होते. ट्रॅक्टरवाल्याच्या बायकोनं कडेवरच्या पोराच्या तोंडावर पदर ओढला. यल्लाप्पांनी चपला घातल्या आणि मागं न बघता चालू लागले. एकेक करून सगळे निघाले.

महादेव थांबला. माझ्याकडं बघत नव्हता. "मॅडम, देवीनं हात सोडल्याला. समद्यांच्या देखत सोडल्याला. मग ह्यो बॉल आत घातला कुणी?"

"तेजूनं."

"एकट्या पोरीच्यानं व्हतंय व्हय?"

"रोज सकाळी दोन तास सराव करते ती, अण्णा."

"ते तुमी मला सांगताय, मला पटतंय. गावाला कोण सांगणार? देवीनं सोडल्यालं दुसऱ्या कुणीतरी धरलंय म्हणत्यात. घरी घिऊन ये म्हणत्यात तिला. उतरवाय पायजे."

"उतरवायचं म्हणजे काय करणार?"

"माझी पुतणी हाय, मॅडम. मला काय बरं वाटतंय व्हय? पर मला त्याच गावात ऱ्हायाचं हाय. उद्या दुपारी जीप घिऊन येतो."

कॉलेजच्या कागदांवर पालक म्हणून त्याचंच नाव आहे. पोलिसांत जाऊ का म्हटलं तर तेजू माझे पाय धरायला लागली, काकाला काही करू नका म्हणून. उद्या दुपारी तो येईल तेव्हा त्याला भेटायला दारात कुणीतरी असायला हवं, म्हणून मी इथं थांबतेय. एकटा येणार नाही असं वाटतं. आले की मी सांगीन, ती तिच्या आईकडं गेली आहे. ते म्हणतील, ती बाई तर तसलीच. ते ऐकायची तयारी मी केली आहे. तुझी आहे की नाही, मला माहीत नाही. तू त्या पत्त्यावर आहेस की नाही, हेही माहीत नाही. पाचही पत्रांतलं एकही परत आलं नाही, एवढ्यावरच मी पोरीला पाठवतेय.

शेजारच्या खोलीत दोघी बॅग भरतायत. मघाशी सुविधा खाली गेली तेव्हा तेजू माझ्याजवळ येऊन बसली. स्वतःचे तळवे बघत होती. मग म्हणाली, "मॅडम, तो बॉल मीच टाकला ना?"

मी म्हटलं, "तूच टाकलास. मी बघितलं."

तिनं मान हलवली. पण पुन्हा तळव्यांकडं बघितलं. माझं सांगणं तिला पुरलं नाही. मी त्या गावची नाही, आणि तिच्या रक्ताचीही नाही. तू त्या गावची सून होतीस, आणि शेवटचा बॉल टाकणारीही होतीस. तिला हे सांगू शकेल असं दुसरं कुणी मला माहीत नाही.

ती तुझ्या दारात उभी आहे, मंगल. कागद खाली ठेव आणि तिला सांग.

ज्योत्स्ना